एक ग्रंथ, अनेक सूची

मोठा ग्रंथ हाती आला की सामान्य वाचक मुखपृष्ठ पाहतो, प्रस्तावना चाळतो आणि पहिल्या प्रकरणाकडे वळतो. अभ्यासकाची रीत वेगळी. त्याचे बोट प्रथम जाते ते शेवटच्या पानांवर. तेथे सूची आढळली तर तो नीट सरसावून बसतो. न आढळली तर लेखकाच्या विद्वत्तेबद्दल कितीही आदर असला तरी मनातल्या मनात चरफडतो. सहाशे पानांच्या पोटात दडलेली एक ओळ ज्याला कधी शोधावी लागली आहे, त्याला या चरफडण्याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

एक सूची असूनही पुष्कळदा भागत नाही, ही गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. इतिहासाच्या ग्रंथाला व्यक्तींची सूची निराळी हवी, स्थळांची निराळी. कागदपत्रांचा संग्रह असेल तर पारिभाषिक शब्दांची तिसरी. काव्याच्या आवृत्तीला चरणांची हवी आणि विषयांचीही हवी. सगळे एकाच अकारविल्ह्यात कोंबले तर कोंडाणा, कोतवाल आणि कोळपणी हे शेजारी येऊन बसतात व कोणाचाच कोणाला उपयोग होत नाही. आज संगणकावर लेखन करणाऱ्याला हा प्रश्न अगदी रोकडा भेटतो. मजकूर टंकून झालेला असतो, पाने चारशेच्या वर गेलेली असतात, आणि आता त्याच मजकुरातून तीन-चार स्वतंत्र सूची, एकीचे दुसरीत मिसळू न देता, काढावयाच्या असतात. प्रश्न या यंत्राच्या युगातला वाटतो खरा. पण आपल्या देशात तो दोन हजार वर्षांहूनही जुना आहे, आणि त्याची दोन परस्परविरुद्ध उत्तरे तेव्हाच देऊन झालेली आहेत.

ऋग्वेद हा तो ग्रंथ. दहा मंडले, १०२८ सूक्ते आणि दहा हजारांवर ऋचा. हे सारे पाठ करणाऱ्याच्या जिभेवर, कागदावर नव्हे. अशा ग्रंथाची सूची करावयाची म्हणजे काय करावयाचे? पाने नाहीत, म्हणून पृष्ठांक नाहीत. जुन्या सूचीकारांनी ग्रंथाच्या स्वतःच्या अवयवांनाच अंक मानले. अमुक मंडल, अमुक सूक्त, अमुक ऋचा. या पत्त्याला कागदाची गरज नाही, आणि म्हणून कागद बदलला तरी तो चुकत नाही. आजही कोणत्याही देशात, कोणत्याही लिपीत छापलेल्या ऋग्वेदात दहाव्या मंडलातले एकशे एकोणतिसावे सूक्त तेच सापडते. पृष्ठांकावर विसंबणाऱ्या पुढच्या सर्व सूचींना या एका गोष्टीचा हेवा वाटावा.

परंपरेने शौनकाच्या नावावर दहा ग्रंथ सांगितले आहेत. बाराव्या शतकातील षड्गुरुशिष्य नावाच्या टीकाकाराने त्यांची यादीच दिली आहे. त्यांत ऋषींची आर्षानुक्रमणी, छंदांची छंदोनुक्रमणी, देवतांची देवतानुक्रमणी, अनुवाकांची अनुवाकानुक्रमणी, सूक्तांची सूक्तानुक्रमणी अशा निरनिराळ्या अनुक्रमण्या आहेत. एकाच संहितेभोवती रचलेल्या या पृथक् सूची होत. ऋषी कोण हे विचारणाऱ्याने एकीकडे जावे, देवता कोण हे विचारणाऱ्याने दुसरीकडे. अनुवाकानुक्रमणीला तर मोजण्याचाही नाद आहे. १०,५८० ऋचा व वर एक चरण, १,५३,८२६ पदे आणि ४,३२,००० अक्षरे असा हिशेब परंपरेने तिच्या आधारे सांगितला आहे. अक्षरे मोजून ठेवण्यामागे हौस नव्हती. मौखिक ग्रंथाला चोर लागतो तो विस्मरणाचा, आणि त्या चोरीचा पंचनामा करावयाचा तर घरातल्या भांड्यांची मोजदाद आधी झालेली असावी लागते.

या अनुक्रमण्यांतील देवतांची सूची आज समग्र उपलब्ध नाही. टीकाकारांनी दिलेल्या उताऱ्यांतून ती आपल्याला माहीत आहे. पृथक् सूचींचा हा धोका. चार वह्यांपैकी एक हरवली तर तेवढे ज्ञान गेले.

शौनकानंतर कात्यायनाने दुसरा मार्ग धरला. त्याची सर्वानुक्रमणी नावाप्रमाणेच सर्वांची मिळून एक आहे. सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद हे सगळे त्याने प्रत्येक सूक्तासाठी एका ठिकाणी, सूत्रांच्या आखूड भाषेत बांधले. ऑक्सफर्डहून १८८६ मध्ये मॅक्डोनेलने तिची आवृत्ती काढली, तेव्हापासून ती छापील रूपात सर्वांच्या हाताशी आहे. तिच्या आरंभीचे परिभाषेचे नियम मोठे मासलेवाईक आहेत. छंद सांगितला नसेल तेथे त्रिष्टुभ् समजावा. देवता सांगितली नसेल तेथे इंद्र समजावा. ऋग्वेदात सर्वाधिक वापरलेला छंद त्रिष्टुभ्, आणि सर्वाधिक स्तविलेली देवता इंद्र. जे नेहमीचे आहे ते लिहावयाचेच नाही, वेगळे असेल तेवढेच लिहावयाचे. आज संगणकाचे कार्यक्रम रचणारे लोक हीच युक्ती दिवसातून दहा वेळा करतात; कात्यायनाला तिच्यासाठी वीज लागली नाही.

ही सारी खटपट केवळ विद्वत्तेखातर होती असे समजणे चुकीचे ठरेल. ऋषी, छंद आणि देवता यांचे ज्ञान नसताना मंत्राचा विनियोग करणाऱ्याचे कर्म निष्फळ होते, अशी कात्यायनाची ठाम समजूत आहे आणि ती त्याने ग्रंथारंभीच सांगून टाकली आहे. सूची चुकली तर यज्ञ वाया गेला! आमच्या काळातल्या सूचीकाराला इतके भय नाही, हे त्याचे सुदैव म्हणावे की वाचकांचे दुर्दैव, हे मी वाचकांवरच सोपवतो.

पण सूचीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या रकान्यांत सूचीकाराचा हात कसा शिरतो, याचे उत्तम उदाहरणही येथेच मिळते. शौनकाच्याच नावावरील बृहद्देवतेत ऋग्वेदातील स्त्री-ऋषींची एक यादी आहे. घोषा, गोधा, विश्ववारा, अपाला, रोमशा, लोपामुद्रा अशी सत्तावीस नावे. दहा मंडलांत विखुरलेल्या ऋचांतून या बायका एका जागी गोळा करण्याचे काम कोणी केले नसते, तर ‘वेदकाळी स्त्रियांनी मंत्र रचले काय’ हा प्रश्न विचारणेच अवघड झाले असते. गेल्या शतकात आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या वादात ब्रह्मवादिनींची नावे वारंवार घेतली गेली, त्यांचा उगम अशा यादीत आहे. मात्र ती यादी नीट पाहिली तर तीत इंद्राची कुत्री सरमा आहे, नद्या आहेत, रात्री आहे, श्रद्धा आहे, मेधा आहे. संवादसूक्तात जी बोलते तीच त्या ऋचांची ऋषी, असे सूचीकाराने धरले. सरमा पणींशी बोलते, म्हणून ती ऋषी. नद्या विश्वामित्राशी बोलतात, म्हणून त्याही. आधुनिक संशोधक अशा नावांना कर्तृत्वाचा पुरावा मानावयास तयार नसतात, आणि ते योग्यच आहे. तरीही अपालेचे किंवा घोषेचे नाव सरमेच्या पंक्तीला बसले म्हणून तेही काल्पनिकच, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. सूचीने नावे जतन केली आणि त्याच झटक्यात संशयही पेरून ठेवला. दोन्ही गोष्टी तिच्याच.

युरोपात हे काम निराळ्या वाटेने गेले. तेथे ग्रंथ हस्तलिखित स्वरूपात पुढे असे, पण दोन प्रतींची पाने जुळत नसत. तेराव्या शतकात पॅरिसच्या सेंट जाक मठातील डॉमिनिकन भिक्षूंनी, सेंट शेरचा ह्यू याच्या देखरेखीखाली, बायबलातील शब्दांची अकारविल्हे सूची तयार केली. बायबलाची आज प्रचलित असलेली प्रकरणे तेव्हा नुकतीच पडली होती. ओळींना अंक अद्याप नव्हते. म्हणून त्यांनी प्रत्येक प्रकरणाचे मनाने सात भाग कल्पिले व त्यांना लॅटिन वर्णमालेतील पहिली सात अक्षरे दिली. शब्द, ग्रंथाचे नाव, प्रकरण आणि अक्षर एवढाच पत्ता. दहा हजारांवर शब्द अशा रीतीने लावले गेले. अडचण अशी झाली की नुसत्या पत्त्यांच्या रांगेवरून कोणता पत्ता आपल्या कामाचा हे कळेना. ‘देव’ या शब्दापुढे शेकडो पत्ते असतील तर वाचकाने काय करावे? पुढे इंग्रज भिक्षूंनी प्रत्येक पत्त्याला वाक्याचा लांब तुकडा जोडला, तर सूचीच ग्रंथाएवढी फुगली. तिसऱ्या खेपेस, त्याच शतकाच्या अखेरीच्या सुमारास, मोजक्या चार शब्दांचा संदर्भ ठेवून सुवर्णमध्य साधला. सूची किती बोलकी असावी हा वाद तेव्हा जो सुटला, तो अजूनही प्रत्येक सूचीकाराला आपल्यापुरता पुन्हा सोडवावा लागतो.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट ग्रोसटेस्ट नावाचा एक बहुश्रुत धर्मपंडित होता. पुढे तो लिंकनचा बिशप झाला. त्याची रीत मला फार आवडते. त्याने सुमारे ४४० विषय ठरविले आणि प्रत्येक विषयाला एक खूण दिली. कोठे ठिपके, कोठे त्रिकोण, कोठे फुलासारखी आकृती. ग्रंथ वाचताना त्या विषयाचा उल्लेख आला की समासात ती खूण काढावयाची. मग दुसरीकडे एका कोष्टकात त्या त्या खुणेखाली ग्रंथांचे पत्ते गोळा करावयाचे. म्हणजे वाचन आणि संकलन ही दोन कामे त्याने वेगळी केली. वाचताना विचार करावयाचा आणि खूण काढावयाची. जमा करताना विचार करावयाचा नाही, फक्त खुणा वेचावयाच्या. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण संगणकाने यापलीकडे फारसे काही केलेले नाही.

छापण्याची कला आल्यावर दोन प्रतींची पाने जुळू लागली. कोलोन येथे १४७० मध्ये आर्नोल्ड तेर ह्योर्नेन या मुद्रकाने एका प्रवचनाच्या छोट्या पुस्तकात पत्रांना अंक घातले. छापील पत्रांकाचे ते आद्य उदाहरण मानतात. सर्वांच्या हातातील पंचविसावे पान आता एकच होते. पुढे स्वित्झर्लंडमधील कोनराड गेस्नर याने १५४८ मध्ये सूची करण्याची कृती लिहून ठेवली. कागदाच्या एकाच बाजूस नोंदी लिहाव्या, कात्रीने त्यांच्या चिठ्ठ्या कराव्या, चिठ्ठ्या लावाव्या आणि मग डिंकाने चिकटवाव्या. चार शतके विद्वानांच्या टेबलांवर हेच चालू होते. ज्यांनी आपल्याकडे जुन्या पिढीतील कोशकारांच्या खोल्या पाहिल्या आहेत, त्यांना चिठ्ठ्यांचे ते खोके आणि खिडकीतून वारा आला की उडणारी तारांबळ आठवत असेल.

आपल्याकडे या चिठ्ठ्यांचा मोठा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. मुंबई इलाख्यात लष्करात असलेल्या कर्नल जी. ए. जेकब यांनी मुख्य उपनिषदांचा व भगवद्गीतेचा वाक्यकोश केला. तो १८९१ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाला. सैनिकाच्या हातून उपनिषदांची शब्दसूची व्हावी हा योग काही नेहमीचा नव्हे. अमेरिकेत ब्लूमफील्डने १९०६ मध्ये वैदिक वाङ्मयातील मंत्रांच्या चरणाचरणाची महासूची छापली. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह ऋग्वेदाची आवृत्ती १९३३ पासून काढली, तेव्हा चार खंडांत मूळ व भाष्य झाल्यावर पाचवा खंड सूचींसाठी राखला आणि तो १९५१ मध्ये बाहेर आला. विश्वबंधू शास्त्र्यांचा वैदिक पदानुक्रमकोश लाहोरला १९३५ मध्ये सुरू झाला. १९४७ मध्ये फाळणी झाली, संस्थेला लाहोर सोडावे लागले आणि काम होशियारपूरला नेऊन पुढे चालवावे लागले. ते १९६५ पर्यंत चालले. माणसे देशोधडीला लागत असताना कोणीतरी शब्दांच्या चिठ्ठ्या सीमेपार सुखरूप आणण्याची चिंता वाहत होता, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे सूचीकाराला कारकून म्हणण्याचा मोह होणार नाही.

पृष्ठांकाचा खरा दगा महाभारताने दाखविला. डॅनिश पंडित सोरेन्सेन याने महाभारतातील विशेषनामांची प्रचंड सूची आयुष्यभर खपून केली. १९०२ मध्ये तो वारला. सूचीचे भाग लंडनहून १९०४ ते १९२५ या काळात निघत राहिले. त्याच्यासमोर कलकत्ता प्रत आणि मुंबई प्रत अशा दोन छापील प्रती होत्या व दोहोंचे श्लोकांक जुळत नव्हते. म्हणून त्याला प्रतींचा मेळ घालणारी कोष्टकेही जोडावी लागली. इकडे पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. सव्वाबाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासून सिद्ध केलेल्या त्या संहितेत श्लोक कमी झाले, अंक बदलले. आणि सोरेन्सेनचे पत्ते जुन्या शहराच्या नकाशासारखे झाले. गल्ल्या त्याच, घरांचे क्रमांक निराळे. मग प. ल. वैद्यांच्या संपादनाखाली चरणांची प्रतीकसूची १९६७ ते १९७२ या काळात सहा खंडांत काढावी लागली. तेवढ्यावरही मंदिर थांबले नाही. म. अ. मेहेंदळे यांनी महाभारताची सांस्कृतिक सूची आरंभिली. तिचे पहिले भाग १९९३ पासून येऊ लागले. तीत सर्प व पक्षी यांची नावे एका विभागात, अस्त्रेशस्त्रे दुसऱ्यात, नद्या, पर्वत, देश यांचे विभाग आणखी पुढे अशी वाटणी आहे. म्हणजे शौनकाची जुनी युक्ती! एकाच संहितेकडे जितके प्रश्न घेऊन जावे, तितकी दारे.

कोश मुळातच अकारविल्हे असतो, त्याला सूची कशाला, असे कोणी म्हणेल. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाला स्वतंत्र सूचीखंड जोडला, यातच त्याचे उत्तर आहे. ज्या गोष्टीवर स्वतंत्र लेख आहे ती अकारविल्ह्याने सापडते. जी दुसऱ्याच्या लेखात पाहुणी म्हणून आली आहे ती सापडत नाही. आणि ज्ञान पुष्कळदा पाहुणे म्हणूनच येते.

यंत्राचा प्रवेश झाला तो एका जेझुइट पाद्र्याच्या हट्टामुळे. इटलीतील रोबेर्तो बुसा यांना संत टॉमस अक्विनास याच्या समग्र ग्रंथांतील शब्द न् शब्द लावावयाचा होता. १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे प्रमुख टॉमस वॉटसन यांना भेटले आणि भोकांच्या कार्डांची यंत्रे मिळविली. शब्दांची संख्या एक कोटीच्या वर गेली. कार्डांना भोके पाडण्याचे काम मिलानजवळील गाल्लाराते येथे तरुण मुलींच्या एका पथकाने वर्षानुवर्षे केले; त्यांची नावे कित्येक दशके कोणाला ठाऊक नव्हती. ही महासूची १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत छापून निघाली. यंत्राने चिठ्ठ्या लावल्या. पण एकाच शब्दाची नाना विभक्तिरूपे कोणत्या मूळ शब्दाखाली घालावी आणि सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांपैकी हा कोणता, हे अखेरपर्यंत माणसांनाच ठरवावे लागले.

यानंतर टंकलेखनाचे काम संगणकाकडे आले आणि सूची ही लेखकाच्या टेबलावरची गोष्ट झाली. डोनाल्ड क्नूथ यांचा टेक्, त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेला लाटेक्, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथे पेहाँग चेन यांनी रचलेला मेकइंडेक्स हा एक पंथ. मायक्रोसॉफ्टचा वर्ड हा दुसरा, कचेऱ्यांतून घरोघर गेलेला. रीत दोन्हींची ग्रोसटेस्टचीच. मजकुरात ज्या ठिकाणी नोंद हवी तेथे लेखकाने एक गुप्त खूण घालावयाची. ती छापून येत नाही. शेवटी आज्ञा दिली की यंत्र खुणा वेचते, पृष्ठांक लिहिते, अकारविल्हे लावते. मजकूर पुढेमागे सरकला तर आज्ञा पुन्हा द्यावी, अंक आपोआप सुधारतात. गेस्नरच्या डिंकाला हे साधत नव्हते.

अनेक सूची हव्या असतील तर वर्डमध्ये प्रत्येक खुणेला एक कुळाचे अक्षर जोडता येते. व्यक्तींच्या खुणांना एक, स्थळांच्या खुणांना दुसरे. मग सूची मागताना अमुक अक्षराच्याच खुणा वेच, असे सांगावयाचे. अक्षर घालावयास विसरलेली खूण कोठल्याच कुळाच्या सूचीत जात नाही. बिनअक्षराची साधी सूची मागितली तर तेवढी तीत येते. अनुभवी माणसे म्हणूनच अखेरीस एक साधी सूची मागून पाहतात. तीत जे सापडेल ते हरवलेले सामान. आणखी एक खोच आहे. गुप्त खुणा पडद्यावर दिसत ठेवून सूची काढली तर त्या खुणांचीही जागा मोजली जाते, पाने पुढे ढकलली जातात आणि सगळे अंक चुकतात. खुणा झाकाव्या आणि मगच मोजणीला बसावे. ग्रोसटेस्टच्या समासातल्या फुलांनी निदान ग्रंथाची पाने हलविली नव्हती.

टेक् पंथात मात्र एक निराळीच अडचण निघाली, आणि तिने मला कात्यायनाची आठवण करून दिली. प्रत्येक सूचीसाठी वेगळी वही उघडावी, अशी तेथील पहिली पद्धत होती. पण मूळ टेक् एका वेळी सोळाच वह्या लिहिण्यासाठी उघडू शकतो, आणि त्यांतल्या काही त्याच्या स्वतःच्या कामात गुंतलेल्या असतात. तळटीपा, अनुक्रमणिका, चित्रसूची असा पसारा असलेल्या ग्रंथाला चार-पाच सूची जोडू गेले की वह्या संपतात. मग कोणीतरी उलटा विचार केला. सगळ्या खुणा एकाच वहीत लिहाव्या, प्रत्येकीपुढे तिच्या सूचीचे नाव टाकावे आणि शेवटी त्या एका वहीची वाटणी करावी. शौनक चार वह्या ठेवतो. कात्यायन एकच ठेवतो आणि तीतून हवे ते वेचतो. माझे मत विचाराल तर मी कात्यायनाकडचा आहे. एक वही हरवणे अवघड असते.

परंतु खूण कोठे आणि कोणत्या नावाने घालावयाची, हा मूळ प्रश्न यंत्राने सोडविलेला नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या कोणत्याही कागदपत्रसंग्रहात ‘बाळाजी’ हे नाव घ्या. तो बाळाजी विश्वनाथ असेल, त्याचा नातू बाळाजी बाजीराव असेल, किंवा बाळाजी जनार्दन असेल. दुसऱ्याला पत्रांत नानासाहेब म्हणतात, तिसऱ्याला नाना. आणि १८५७ चे नानासाहेब धोंडोपंत ते आणखी निराळेच. ‘भाऊसाहेब’ म्हणजे सदाशिवराव. मग पानिपतानंतर जो आपणच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला आणि १७७६ मध्ये ज्याला देहदंड झाला, त्या तोतयाची नोंद कोठे करावयाची? त्याच्या बाजूच्या पत्रांत तो भाऊसाहेबच आहे. सूचीकाराने त्याला सदाशिवरावाखाली घातले तर त्याने तोतयाचा दावा मान्य केला. ‘तोतया’ या शब्दाखाली घातले तर पेशवे दरबाराचा निवाडा मान्य केला. पार्वतीबाईंनी बारभाईंच्या काळात जे सोसले ते एका नोंदीच्या जागेवरून पुन्हा ठरते. सगळीकडे एकदम खुणा घालण्याची सोय वर्डमध्ये आहे, पण ती अक्षरे जुळवते, माणसे नव्हे.

आणि मराठीत ती अक्षरेही धड जुळवीत नाही. आपले शब्द विभक्ती लागताच रूप पालटतात. पुणे हा शब्द शोधावयास सांगितला तर यंत्र ‘पुण्यास’, ‘पुण्याहून’, ‘पुणेकर’ यांपैकी पहिल्या दोहोंकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यासाठी वर्डमध्ये दोन रकान्यांचे कोष्टक देता येते. डावीकडे मजकुरात येणारी रूपे, उजवीकडे सूचीतले नाव. म्हणजे पुण्यास, पुण्यात, पुण्याचा, पुण्याहून या प्रत्येकापुढे ‘पुणे’ असे लिहीत जावयाचे. क्रमाचाही घोटाळा असतो. संगणकाच्या संकेतांकांच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगतच येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ च्या पुढे बसतो. ‘क्ष’ तेथे ‘क’ च्या पोटात जातो, ‘ज्ञ’ हा ‘ज’ च्या. नुसत्या संकेतांकावर विसंबून लावलेल्या सूचीत ‘क्षेत्र’ शोधणारा मराठी वाचक शेवटची पाने उलटीत बसतो आणि शब्द आरंभीच्या पानांत त्याची वाट पाहत असतो.

सगळ्यांत चोरटी गोष्ट ‘साताऱ्यास’ या शब्दात आहे. त्यातला तो पापणीसारखा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटवता येतो. एका तऱ्हेत नुक्ता असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखे, डोळ्यांना तसूभर फरक दिसत नाही; यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. ग्रंथाची प्रकरणे दोन टंककांनी टंकली असतील आणि त्यांच्या सवयी भिन्न असतील, तर सूचीतल्या साताऱ्यापुढे निम्मीच पाने येतात, आणि उरलेल्या निम्म्यांची कोणाला शंकाही येत नाही. कोष्टकाच्या डाव्या रकान्यात तो शब्द दोनदा लिहावा लागतो. मुद्रितशोधकाला ते कोष्टक दाखविले तर तो एक ओळ चुकून दुबार पडली म्हणून खोडून टाकतो.